बिनगर्दीचा दिवस

आमच्या साडूंइतका संशयी माणूस सबंध सोलापुरात दुसरा नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं तर ते शांतपणे विचारतील, "दुसरा न्हाय हे तुमाला कुणी सांगितलं?" मधल्या मारुतीजवळ त्यांचं कुलपांचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईक कुलूप घेऊन पायरी उतरलं की ते मागून हाक मारतात आणि सांगतात, "हे बी उघडतं बरं का." तरीही धंदा उत्तम चालतो, कारण इतकं खरं बोलणारा दुकानदार पाहून माणसं परत फिरतात आणि आणखी एक कुलूप घेऊन जातात. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या की औषधाच्या दुकानात ते हळूच विचारतात, "तुमी सोता खाता का ह्या?" आणि एकदा आमच्या भागात नळाला पाणी एक दिवस आधी आलं. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे ते कधीही आलं तरी माणसं हातातलं काम टाकून घागरी लावतात. साडूंनी घरच्या नळाच्या धारेखाली बोट धरलं, वास घेतला आणि नळ बंद केला. "आज आपला वार न्हाय," ते म्हणाले, "मग आलं का?" पुढचे चार दिवस ते मागच्या गल्लीतून आमच्याकडे बादल्या घेऊन येत होते, आणि प्रत्येक बादली भरण्याआधी मला विचारत होते की हे पाणी त्याच दिवसाचं तर नव्हे ना.

मला ते साडू असूनही 'सर' म्हणतात. मी शाळेत शिकवतो म्हणून हा आदर आहे, असं बरीच वर्षं मला वाटत होतं. पुढे कळलं की आपल्या माणसाला जरा लांबच ठेवलेलं बरं, असा त्यामागे हिशोब आहे. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. साडू संशयाने बोलायला लागले की आक्का 'बेडा' एवढाच कानडी शब्द उच्चारते, म्हणजे नको, पुरे. दिवसातून हा शब्द तिला किती वेळा उच्चारावा लागतो ते विचारू नका.

या दोघांची एकुलती एक मुलगी शिवानी. ती दुसरीत असताना तिच्या वर्गातली एक मुलगी सुट्टीत मोठ्या पार्कात जाऊन आली आणि तिथली रंगीत टोपी घालून आठवडाभर मिरवत राहिली. पुण्याच्या पुढे घाट उतरला की हे पार्क लागतं. पाळणे आहेत, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत आणि उंच चढून एकदम खाली कोसळणारी एक गाडी आहे. शिवानीने त्या गाडीचा व्हिडिओ फोनवर पाहिला, घाबरून फोन उशीखाली लपवला, पुन्हा काढून पाहिला आणि मग जाहीर केलं, "मी बसणार. पण पहिल्या बाकावर, आणि पप्पा माझ्या शेजारी पायजेत. मी त्यांचा हात धरणार." साडूंना एवढं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी लेकीला शब्द दिला, "जाऊ की. फकस्त गर्दी नसंल त्या दिवशी." गर्दीने काय बिघडतं, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे अगदी कीव आल्यासारखं पाहिलं. "गर्दी आली की तिथल्या पोरास्नी घाई हुती, सर. घाईत ती पट्टा नीट लावत न्हाईत. माजी पोरगी हाय त्या गाडीत."

एवढं बोलून ते बिनगर्दीचा दिवस शोधायला लागले, आणि त्या शोधात सहा वर्षं गेली.

दर जूनमध्ये आमच्या शाळेची सुट्ट्यांची यादी लागली की संध्याकाळी साडू दारात. यादी घेत, खालची सही पाहत आणि विचारत, "हीच खरी का अजून एक हाय?" मग त्यांचं गणित सुरू व्हायचं. दिवाळीत सगळ्या महाराष्ट्राला सुट्टी, म्हणजे दिवाळी बाद. दिवाळीनंतर जावं तर गुजरातच्या शाळांची सुट्टी लांबलचक असते, ती माणसं घरात बसतात होय? नाताळात इंग्रजी शाळांना सुट्टी. मे महिना तर नावसुद्धा काढायचा नाही. मी एकदा सुचवलं की जूनमध्ये आपल्या शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात एक दिवस दांडी मारून जाऊन या. साडूंनी डोळे बारीक केले. "विदर्भातल्या शाळा उशिरा उघडत्यात, सर. ती लोकं तवा कुटं आसत्यात, सांगा की." मला काय माहीत ती कुठे असतात. पण त्या रात्री जेवताना मीही तोच विचार करत होतो. हा रोग असा की शेजारी बसलं तरी लागतो.

गणपतीत मुंबईची माणसं कोकणात जातात, पार्क ओस पडतं, हा शोध त्यांनी तिसऱ्या वर्षी लावला आणि चौथ्या दिवशी स्वतःच मोडीत काढला. हे एवढं सरळ आहे तर ते इतरांनाही सुचलं असणार, आणि ज्यांना सुचलं ते सगळे तिथेच भेटणार. यादीत सगळ्यात शेवटी दोन सुट्ट्या मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या असतात, तारीख न छापलेल्या. त्या तर त्यांच्या डोळ्यांत कुसळासारख्या सलायच्या. आमचे मुख्याध्यापक या दोन दिवशी गुपचूप पार्कात जातात, याची त्यांना खात्री होती. बिचाऱ्या मुख्याध्यापकांना गाडी लागते, ते बार्शीच्या पलीकडे जात नाहीत. हे मी सांगितलं तर म्हणाले, "आसं लोकास्नी सांगत्यात ते." मधे करोनात सगळंच बंद झालं. टाळेबंदीच्या त्या दिवसांत साडू गच्चीवर उभं राहून पुण्याच्या दिशेला बघत आणि हळहळत, "आता एक माणूस नसंल बघा तिथं."

शिवानी मात्र वाढत होती. तिसरी झाली, चौथी झाली. आधी ती दर आठवड्याला विचारायची, मग दर सुट्टीत, मग वाढदिवसाला तेवढं. सहावीत गेल्यावर तिने विचारणं सोडलं. आक्काच्या ते ध्यानात आलं होतं. एकदा भाकरी थापताना ती माझ्या बायकोला म्हणाली, "तिला आता नको असलं तर काय करायचं गं? ह्यांना कोण सांगणार?" साडूंना ते कुणीच सांगितलं नाही. ते आपले यादी मांडीवर घेऊन बसलेले.

गेल्या वर्षी ते आले ते चपला न काढताच. दार लावून घेतलं, खिडकी लावली आणि म्हणाले, "घावला." गड्ड्याच्या, म्हणजे गावच्या संक्रांतीच्या जत्रेच्या दिवसांत फक्त आपल्याकडे शाळांना स्थानिक सुट्टी असते. पुण्या-मुंबईची पोरं वर्गात. आणि सोलापूरचा माणूस गड्डा सोडून गावाबाहेर पडत नाही. त्यातही संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे कर. करीच्या दिवशी कोण प्रवासाला निघतो? कुणीच नाही. मी सगळ्या बाजूंनी तपासलं, कुठे फट दिसेना. सहा वर्षांनी त्यांनी दिवसाला कुलूप घातलं होतं.

आक्का ऐकेना. करीच्या दिवशी लेकराला घेऊन निघायचं म्हणजे काय? "म्हणूनच की," साडू म्हणाले. शेवटी तिने प्रस्थान ठेवायचं ठरवलं. निघू नये त्या दिवशी निघणं भाग असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी सामानातली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. भोगीच्या दिवशी आक्का आमच्याकडे तांदूळ, सुपारी आणि शिवानीचा एक ड्रेस पिशवीत घालून देऊन गेली. मागोमाग साडू आले आणि पिशवीची गाठ बघून गेले. संध्याकाळी पुन्हा आले आणि गाठ तीच आहे का ते बघून गेले.

संक्रांतीला जत्रेतल्या अक्षता सोहळ्यात हा माणूस पांढऱ्या बाराबंदीत खच्चून भरलेल्या गर्दीत दोन तास उभा होता, कुणाचा धक्का लागला तर त्यालाच सावरत होता. मी विचारलं, "ही गर्दी चालते?" ते म्हणाले, "ही आपली मानसं की, सर." दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. ते तिघे, मी, माझी बायको आणि शिवानीपेक्षा वर्षाने मोठी माझी मुलगी मधुरा. भाड्याच्या गाडीच्या चालकाला साडूंनी टेंभुर्णी येईपर्यंत कुठे जायचंय ते सांगितलं नाही. "पुण्याकडं," एवढंच.

पार्कात खरोखरच कुणी नव्हतं. गाड्या लावायच्या मैदानात दोन-तीन गाड्या आणि एक झोपलेलं कुत्रं. साडूंनी विजयी मुद्रेने सगळीकडे पाहिलं आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. ते दारावरच्या माणसापाशी गेले. "काल काय झालंय का हितं?" तो म्हणाला, "काही नाही साहेब, आज मधला वार आहे." "मग मानसं कुटं हायत?" तिकिटाच्या खिडकीतली मुलगी हसून 'या' म्हणाली, तर ते मला कोपराने ढोसून म्हणाले, "ही का हासली?" कोसळणाऱ्या गाडीपाशी रांगेसाठी लोखंडी कठड्यांची वळणं होती. आम्ही सगळे कठड्याखालून वाकून सरळ पुढे गेलो. साडू एकटे त्या रिकाम्या वळणांतून इकडून तिकडे, तिकडून इकडे असे सगळे फेरे पुरे करत आले. मधे कठडा कशाला ठेवला असेल ते तपासल्याशिवाय त्यांना राहवेना.

पुढे पोचले तर गाडीवरचा माणूस म्हणाला, "बारा जण झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. नियम आहे."

आम्ही सहा. साडूंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. सहा वर्षं खपून आणलेला तो रिकामेपणा लांबपर्यंत पसरला होता. शिवानी म्हणाली, "जाऊ दे पप्पा, दुसरं काहीतरी बघू." तिने ते अगदी समजूतदारपणे म्हटलं, आणि तेच साडूंना लागलं असावं. ते पायऱ्या उतरले आणि चालायला लागले.

त्यानंतर मी जे पाहिलं ते दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही. जो माणूस शेजाऱ्याने दिलेला प्रसाद आधी हुंगून पाहतो, तो अनोळखी माणसांना हात जोडत हिंडत होता. पाण्याच्या काठाला एक नवं जोडपं फोटो काढत होतं. साडू त्यांच्यापुढे उभे राहिले. "चला की आमच्यासंगं. भ्यायचं काय न्हाय, पट्टा लई मजबूत हाय." पट्टा त्यांनी अजून पाहिलासुद्धा नव्हता, पण जोडपं हसत निघालं. मग खाण्याच्या दुकानापाशी त्यांना नवरा-बायको आणि दोन मुली अशी चार माणसं सापडली. ती निघाली जेऊरची, आमच्याच जिल्ह्यातली. त्या गृहस्थाला विचारलं, आजच कसे आलात, तर तो म्हणाला, "सोलापूरची समदी गड्ड्याला आसत्यात. म्हनलं, आज गर्दी नसनार." साडूंनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

आक्का बारावी. ती 'बेडा, बेडा' म्हणत होती, तिला दोन्ही बाजूंनी धरून चढवलं. साडूंनी प्रत्येक पट्टा स्वतः ओढून पाहिला, आधी लेकीसाठी ठेवलेल्या जागेचा. पहिला बाक, दोघांची जागा. पण तेवढ्यात शिवानी आली ती जेऊरच्या थोरल्या मुलीचा हात धरून, दोघी कशाला तरी हसत होत्या, आणि बोलता बोलता दोघी पहिल्या बाकावर बसल्यासुद्धा. साडू तिथेच उभे राहिले. तिचा पट्टा ओढून पाहिला, मग शेजारच्या मुलीचाही पाहिला आणि मागे येऊन शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसले.

गाडी वर चढत गेली, टोकाला क्षणभर थांबली आणि कोसळली. साडूंनी डोळे मिटून माझं मनगट असं आवळलं की त्याचे वळ दोन दिवस होते. मी ओरडत होतो, आक्का देवाचं नाव घेत होती. पहिल्या बाकावरून मात्र नुसतं हसणं ऐकू येत होतं. शिवानीचे दोन्ही हात वर होते.

खाली उतरल्यावर ती पळत आली, "पप्पा, लई भारी," म्हणाली, आणि आली तशी मुलींबरोबर पुढच्या पाळण्याकडे पळाली. साडू बाकड्यावर बसले. मी त्यांना पाणी दिलं. बाटली सीलबंद आहे का ते न पाहता त्यांनी ती तोंडाला लावली, तेव्हा मला खरंच काळजी वाटली.

"तिला भ्या वाटलं न्हाय की हो," ते म्हणाले.

मी म्हटलं, चांगलंच आहे, धीट झाली पोरगी.

"चांगलंच हाय," ते म्हणाले. लांब पाळण्यावर मधुरासकट चौघी मुली चढत होत्या. त्यातली शिवानी कोणती, ते इतक्या लांबून ओळखू येत नव्हतं, इतकी ती आता बाकीच्यांच्या बरोबरीची झाली होती. साडू तिकडेच बघत होते. माझंही मन भरून आलं, खोटं कशाला बोलू.

"दुसरीत होती, त्याच सालाला आनायला पायजे हुती, सर," ते म्हणाले. "गर्दी तर गर्दी."