परत जाणारं पाणी

ओहोटीच्या वेळी कोकणातल्या त्या लहानशा बेटावर चालत जाता येतं, म्हणून आम्ही कोल्हापूरहून मुद्दाम गेलो होतो. निम्म्या वाटेवर एका अनोळखी म्हातारीनं न विचारताच माझा दंड धरला. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, चपला काखेतल्या पिशवीत.

"पावणं, जरा धरून चला की. माझ्या बायका गेल्या फुडं."

आवाज असा खणखणीत की पुढचे चौघे वळून बघायला लागले. ती राधानगरीकडची होती, गावातल्या बायकांबरोबर देवदर्शनाला आलेली. सारखी थांबायची, उघड्या पडलेल्या खडकांवरून हात फिरवायची.

"सकाळी हितं पानी हुतं?"

"होय, माणूस बुडेल एवढं."

बेटावर पोचल्यावर ती देवळात गेलीच नाही. कातळावर बसून राहिली.

"माझं म्हायेर धरनात गेलंय," ती म्हणाली. आता आवाज एकदम खाली आला होता. "परडं, गोठा, आईची चूल, समदं. त्ये पानी आलं आन् बसलंच. ह्ये बरं हाय. येतंय, पर माघारी बी जातंय."

भरती सुरू होईल म्हणून आम्ही परतलो. किनाऱ्यावर ती वळून उभी राहिली. आम्ही चालून आलो ती वाट हळूहळू पाण्याखाली गेली. मला वाटलं, आता ही रडणार.

"उद्या परत उघडी व्हईल न्हवं?"

"होईल की."

"मग जाऊ द्या तिला," ती म्हणाली, आणि बायकांना मोठमोठ्यानं हाका मारत चहाच्या टपरीकडं निघाली.