इल्का नेनीचा सातवा पक्षी

शनिवारी इल्का नेनी रविवारच्या सूपाच्या शेवया करते; आमच्याकडे मावशीच्या वयाच्या बाईला नेनी म्हणतात. एप्रिलमधल्या त्या शनिवारी मी तिचं लाटणं परत द्यायला गेले आणि नेहमीसारखी बसून राहिले. लाटलेली पोळी टेबलावरच्या कापडावर वाळत होती आणि कापडाच्या काठाकाठानं पल्को, परीक्षेच्या वर्गात मास्तर फिरतात तसा, फेऱ्या मारत होता. पल्को म्हणजे तिनं हातावर वाढवलेला मॅगपाय. कावळ्याच्याच कुळातला, पण काळा-पांढरा, पंखांवर निळी झाक, आणि एरवी अंगाएवढी लांब शेपूट. आठवड्यापूर्वी कुणीतरी छऱ्याची बंदूक झाडली, तेव्हापासून ती शेपूट अर्धीच उरली होती.

दारावर टकटक झाली. आमच्याकडे ओळखीचं कुणी दार वाजवत नाही, सरळ आत येतं. त्यामुळे आम्ही दोघींनीही वर पाहिलं.

शिकारी मंडळाचा रखवालदार अम्ब्रुश होता. टोपी हातात, काखेत झाकणाची टोपली.

"आधी बूट काढ," नेनी म्हणाली.

तो बूट काढायला वाकला, तोवर पल्को जमिनीवर उतरून त्याची नाडी ओढू लागला होता. "जावयाची बडदास्त चांगली ठेवलीय, इल्का नेनी," अम्ब्रुश म्हणाला. "आमच्या घरी मला टेबलावर पाय ठेवू देत नाहीत."

"तुझ्या पायांना वास येतो," नेनी म्हणाली आणि पोळीची गुंडाळी करून शेवया कापायला लागली.

तिचा नवरा वेंडेल असता तर हसला असता. पहिलं पिल्लू त्यानंच आणलं होतं, विजेच्या तारांखालचं पॉपलरचं झाड तोडलं तेव्हा. पिसं अजून नळ्यांमध्येच असतात त्या वयात पिल्लू घरात आलं तर माणसाळतं, नंतर नाही, हे नेनीला तेव्हाच कळलं. उकडलेल्या अंड्याचा बलक, पनीरचा चुरा, चिरलेली अळी, सगळं पाण्यात ओलं करून काडीच्या टोकानं पार घशात. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर वीस मिनिटांनी. अशी सहा वाढवली तिनं. दोन उडून गेली, एक बसखाली आलं, एक मांजरानं नेलं, उरलेल्या दोघांचं मला आठवत नाही. तिला आठवतं, पण ती सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत वेंडेल गेला. त्याच वसंतात माझ्या परसात पडलेलं पिल्लू मी टोपीत घालून तिच्याकडे नेलं. मला वाटलं, घरात काहीतरी ओरडणारं हवं. ती "बरं" म्हणाली. दर वीस मिनिटांनी भरवलं, रात्री चुलीशी ठेवलं. जीव लावला का, ते मला आजही सांगता येणार नाही. ती दफनभूमीवर रडली नाही आणि नंतरही रडली नाही. एकदा मला म्हणाली होती, दात काढायच्या आधी बधिर करायला सुई देतात ना, तसं झालंय, फक्त उतरत नाही.

अम्ब्रुश खुर्चीच्या कडेवर टेकला आणि त्यानं आडवळण न घेता सांगितलं. सोमवारपासून मंडळाची माणसं गावाभोवतीचे मॅगपाय मारणार. शिकारीच्या फेझंट पक्ष्यांची अंडी, कोंबड्यांची पिल्लं, ते काही शिल्लक ठेवत नाहीत. पल्को गावभर हिंडतो, दिसेल त्याच्या खांद्यावर बसतो. बंदुकीतून बघताना सगळे सारखेच दिसतात. गेल्या आठवड्यात शेपूट गेली, पुढच्या वेळी शेपटीवर भागणार नाही.

मी म्हटलं, घरात कोंडून ठेवता येईल. नेनीनं सुरी न थांबवता मान हलवली. हिवाळ्यात तिनं चार दिवस कोंडून पाहिलं होतं. त्यानं छातीची पिसं स्वतःच उपटून काढली होती.

मग अम्ब्रुशनं त्याच्या मनातलं काढलं. बंदुकीखेरीज त्याच्याकडे सापळे आहेत. तारेचा पिंजरा, एका कप्प्यात जिवंत मॅगपाय ठेवायचा. या दिवसांत जोडी आपल्या हद्दीत परका खपवून घेत नाही. भांडायला येते, शेजारच्या कप्प्यातल्या काडीवर बसते, काडी मोडते, झाकण पडतं. त्याचा आमिषाचा पक्षी हिवाळ्यात मेला. रानातला धरून ठेवला तर तारेवर डोकं आपटून घेतो. पल्को माणसाला भीत नाही, तो शांत बसेल. खाणं-पाणी, सावलीला फळी, सगळं अम्ब्रुश बघेल. आणि पिंजऱ्यातल्यावर कुणी गोळी झाडत नाही.

"जूनच्या शेवटी मी स्वतः आणून देतो," तो म्हणाला. "तुमच्या हातात."

"कोंडल्यावर हा पिसं काढतो, ऐकलंस ना?"

"तिथं त्याला बघायला सोबत असेल, नेनी. दिवसभर कुणी ना कुणी येणारच."

येणाऱ्यांचं काय होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. अम्ब्रुश रोज सकाळी कप्पा उघडतो, आलेल्याला बाहेर काढतो आणि मान पिरगळतो. पल्कोपासून वीतभर अंतरावर.

नेनीनं शेवया सैल करून पसरल्या, हात धुतले. पल्को तिच्या मनगटावर चढला. तिनं त्याचे पाय दोन बोटांत धरले, दुसरा हात पंखांवर ठेवला आणि त्याला अम्ब्रुशनं आणलेल्या टोपलीत सोडलं. त्यानं एकदा करकर केली. झाकणाची कडी तिनंच लावली. मी खिडकीकडे बघत होते.

तो काय खातो ते तिनं सांगितलं. बलक, कापलेलं काळीज, मीठ अजिबात नाही. अम्ब्रुश हो हो म्हणत बूट चढवत होता. तो दाराशी पोचला तेव्हा तिनं त्याला थांबवलं. आवाज नेहमीचाच होता.

"अम्ब्रुश, बाकीच्यांना मारताना त्याच्या कप्प्यावर फडकं टाकत जा. एवढंच कर."