कवीचा सिनेमा आणि हळदीचं जातं

मला कवींवरच्या सिनेमांचं वेड आहे. कुठल्या का देशातला असेना, नायक कवी आहे एवढं कळलं की माझी शनिवारची दुपार त्याच्या नावावर. हिंजवडीच्या कंपनीत आठवडाभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढून माझं डोकं पिकलेलं असतं, त्यावर हा उतारा. कंपनीजवळच्या नेरे गावात खोली घेतली तेव्हा घरमालकीणबाई, म्हणजे आमच्या मावशी, परातीत तांदूळ घेऊन माझ्या उंबऱ्याशी येऊन बसायला लागल्या. लॅपटॉपच्या पडद्याखाली येणाऱ्या इंग्रजी ओळी मी मराठीत सांगायची, त्या खडे वेचत ऐकायच्या.

आणि शेरे मारायच्या! सिनेमातला कवी कागद चुरगाळून फेकू लागला की, "मेल्याचा कचरा कोन काढतंय?" तो समुद्राकडे बघत बसला की, "ह्येला दुसरं काम न्हाई का?" मी चिडायची. अहो, कविता अशीच सुचते, एकांत लागतो, असं त्यांना शिकवायची. मी, जिला जन्मात चार ओळी जुळवता आल्या नाहीत! एका सिनेमात कवी हलाखीत मेला आणि मग त्याच्या नावाने सभागृह भरलं, तेव्हा मात्र मावशींची बोटं थांबली. "आन् जित्ता व्हता तवा कुटं गेलीवती ही मान्सं?" असं म्हणून त्या परात उचलून निघून गेल्या.

मावशी स्वतः ओव्या रचतात हे मला शेजारणीकडून कळलं. इकडे लग्नाआधी जात्याला कुंकू लावून, खुंट्याला आंब्याचा डहाळा बांधून पाच सवाष्णी हळद दळतात आणि ओव्या म्हणतात. गावातल्या निम्म्या लग्नांतल्या ओव्या मावशींच्या. पण त्यांचे यजमान वारल्यापासून, गेली सहा वर्षं, त्यांनी जात्याला हात लावला नव्हता. विधवेने लावायचा नसतो म्हणे. आणि आता त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं होतं. नवरामुलगा त्यांच्याच भातखाचराला लागून उठलेल्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर राहणारा. लेकीची ओवी रचायची मावशींनी आणि म्हणायची दुसऱ्यांनी. मला भयंकर संताप यायचा. त्या म्हणायच्या, "रीत हाय बाय ती."

निदान रेकॉर्ड तरी करू, म्हणून मी एका शनिवारी त्यांना खुर्चीत बसवलं, पंखा बंद केला, दार लावलं, मोबाईल समोर धरला. अगदी सिनेमातल्यासारखी शांतता! मावशींना एक ओळ सुचेना. घाम पुसत म्हणाल्या, "हात मोकळं असलं की मला काय बी येत न्हाई. ती परात आन हिकडं, आन् त्यो मोबाईल ठिव खाली." मी ठेवला. परात मांडीवर आली, बोटं चालू लागली आणि ओठ हलायला लागले. एकांताच्या माझ्या गप्पा तिथेच संपल्या.

पुढचे तीन दिवस ती ओवी घडताना मी ऐकली. आधी ओवीतली लेक गॅलरीत उभी राहून बघत होती. तिसऱ्या दिवशी गॅलरी गेली आणि खिडकी आली. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "गॅलरीतनं वाकून बघंल, चक्करबिक्कर आली म्हंजी? खिडकीला गज असत्यात." इतके सिनेमे पाहिले, पण एवढ्या मायेने शब्द बदलणारा कवी मला एकाही सिनेमात भेटला नाही.

हळदीच्या सकाळी मांडवात जातं मांडलं. मावशींच्या थोरल्या जाऊबाई आणि चार सवाष्णी भोवती बसल्या. मावशी आत पुऱ्या लाटत होत्या. ओवी त्यांनी जाऊबाईंना आठवडाभर शिकवली होती. जाऊबाईंनी पहिली ओळ म्हटली. दुसरी आठवेना. पुन्हा पहिली. पुन्हा अडकल्या. जातं थांबलं. कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ द्या की, मोबाईलवर लावा एखादं लग्नाचं गानं." लेक पाटावर मान खाली घालून बसली होती.

तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच.

"आक्का, सरा जरा."

"अगं, पर रीत..."

"सा वरसं पाळली की रीत. आता काय मरायची वाट बघू? मेल्यावर गोळा व्हनार व्हय समदी, माजी ओवी ऐकाया?"

हे बोलणं कुठल्या सिनेमाच्या दुपारचं होतं, ते त्या मांडवात मला एकटीलाच ठाऊक होतं. मावशी जात्यापाशी बसल्या आणि पिठाच्या हाताने त्यांनी खुंटा धरला.

"चवदाव्या मजल्याला, लेक चालली नांदायाला,
खिडकी उगडून बघ बाई, आई उभी गं बांधाला."

लेकीने मान वर केली. मावशी एकट्याच ओढत होत्या, जातं जड चाललं होतं. जाऊबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, डोळ्यांना पदर लावला, समोर सरकून बसल्या आणि त्याच खुंट्यावर आपला हात ठेवला.

"म्हन," त्या म्हणाल्या, "फुडचं म्हन."