खळगा नसलेले प्रथिन

तिच्याविषयी आमच्या इमारतीत एकच बोलले जाई : "वरच्या मजल्यावरची ती दिवसभर पडद्यावर सुताचा गुंता बघत बसते, आणि गंमत म्हणजे सोडवत मात्र नाही." तिच्या सासूबाई हसून भर घालत, "आणि घरात सुईत दोरा ओवायचा तर मलाच हाक!"

तो गुंता एका प्रथिनाचा होता. बहुतेक प्रथिने घडी घालून आपापल्या ठरलेल्या आकारात बसतात. हे मात्र मोकळ्या दोरीसारखे सतत हलते. कर्करोगाच्या पेशींत ते भलत्याच प्रथिनाला जाऊन बिलगते आणि पेशींची वाढ थांबू देत नाही. ते कसकसे वळते, याचा हिशेब संगणकाकडून करून घेणे हे तिचे काम.

एकदा त्या हिशेबात दोरीचे घट्ट गाठोडे झालेले दिसले, आणि गाठोड्यात एक खळगा. खळगा म्हणजे औषधाला बसायला जागा. प्रयोगशाळेत आनंदीआनंद झाला. रसायनतज्ज्ञाने त्या मापाचे रेणू बनवायला घेतले, विभागप्रमुखांनी तिचे जाहीर व्याख्यान ठरवले, आणि सासूबाईंनी ती बातमी जिन्यातच वाटून टाकली.

तिला मात्र चैन पडेना. शेजारच्या खोलीत क्ष-किरणांनी मोजलेले खरे प्रथिन तिच्या गाठोड्यापेक्षा बरेच ऐसपैस भरत होते. शोधत गेल्यावर चूक तिचीच निघाली. प्रथिनाभोवतीचे पाणीही हिशेबात धरावे लागते; ते तिने नेहमीचे, घडीच्या प्रथिनांसाठी बेतलेले वापरले होते. त्या पाण्याची ओढ कमी पडते. म्हणून दोरी पसरायची सोडून स्वतःलाच चिकटत गेली होती. पाणी बदलून तिने सारे पुन्हा चालवले. खळगा नाहीसा झाला.

"अगं, व्याख्यान तोंडावर आलंय," विभागप्रमुख म्हणाले. "नुसतं 'शक्यता आहे' म्हण. साप मरेल, काठीही मोडणार नाही."

"सर, तिथे सापच नाहीये."

भरल्या सभागृहात तिने आधी स्वतःची चूक सांगितली, मग ती कशी घडली तेही दाखवले. आवाज एकदाही चढला नाही, की पडला नाही. रसायनतज्ज्ञाने काम थांबवले आणि बरेच दिवस तिच्याशी अबोला धरला.

शेजारणींना आता काय सांगावे, हे सासूबाईंना समजेना. "आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास," त्या चिडून म्हणाल्या. "गप्प बसली असतीस, तर कुणाला कळलं असतं गं?"

"ज्याला औषधाचा गुण आला नसता त्याला, आई."