कानावरचा मफलर

जामखेडच्या मोटारतळावरच्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही, राग मात्र अजून जपून ठेवलाय. लढाई संपल्यानंतरचा हिवाळा होता. बायकोला घेऊन खर्ड्याला निघालो होतो आणि आमची जुनी मोटार कुत्र्याच्या पिल्लासारखी कुंईकुंई करत होती.

"आवाज कदी येतो?" त्याने विचारलं.

"सारखाच येतो," मी म्हणालो.

मग त्याने मागच्या सीटकडे वळून कानावरचा मफलर खाली ओढला. माझं ऐकताना ओढला नव्हता!

"तुमी सांगा, बाईसाहेब."

"वेग वाढला की वाढतो. दिवे लावले की आणखी चिरका होतो," ती म्हणाली आणि तो आवाज तिने हुबेहूब काढून दाखवला. माझ्यासमोर ती कधी गुणगुणलीसुद्धा नव्हती. तो डोळे मिटून ऐकत होता, भजन ऐकावं तसा.

"डायनामोत तेल न्हाई," म्हणत त्याने तेलाचे थेंब सोडले. मोटार सुरू केली, तर आवाज गेलेला.

"बाईसाहेबांचे कान लई तिखट हाईत. तुमाला ठावंच असंल."

"आहेच ठाऊक," मी फटकन म्हणालो.

गाव मागे पडल्यावर मी तिला विचारलं, "हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की," ती म्हणाली.