मला कांजण्या होऊन गेल्या होत्या!

मला कांजण्या होऊच शकत नाहीत, हे मी सिंदेवाहीच्या आमच्या शाळेत बारा वर्षं पुराव्यानिशी शिकवत होतो. (पुरावा म्हणजे माझ्या डाव्या भुवईवरचा खड्डा.) "एकदा रोग होऊन गेला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याले ओळखून ठेवतात," मी मुलांना भुवई दाखवत सांगायचो. "पुन्हा आला की दारातच धरतात!"

मग एका सोमवारी आमच्या नऊ वर्षांच्या चिनूच्या पोटावर पाण्याचे फोड उठले.

डॉक्टर म्हणाले, "कांजण्या आहेत. घरात कोणाले झाल्या नसतील तं आजच लस घेऊन टाका."

माझ्या बायकोनं, संगीतानं, तिथूनच वडशाला आपल्या आईला फोन लावला. संगीताला लहानपणी झाल्या नव्हत्या, असं आईनं सांगितलं. तिनं बाही वर केली आणि लस घेतली.

"तुमी बी आईले इचारून घ्या," ती मला म्हणाली.

"मले इचाराची काय गरज? मी विज्ञान शिकवतो!"

"म्हणून तं म्हणून राह्यली."

मी डॉक्टरांपुढे भुवई केली. त्यांनी खड्डा पाहिला, मला पाहिलं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी येऊन मी संगीताला दुसऱ्या खोलीत पाठवलं, शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि चिनूचा ताबा घेतला. तिच्या ताटातली उरलेली खिचडी खाल्ली. तिच्याच चादरीत झोपलो. खाज सुटली की ती कळवळायची, मग तिनं खाजवू नये म्हणून तिचे दोन्ही हात धरून तासन्‌तास बसायचो.

"बाबा, तुमाले भेव नाई लागत?"

"माह्या पेशी तयारच बसल्या आहेत, बेटा!"

शेजारचे टेलर रहीमभाऊ दारातूनच ओरडले, "सर, जरा दूर बसा ना!"

"रहीमभाऊ, मले कांजण्यांच्या गादीवर झोपवा, काही होत नाई!" (हे वाक्य त्यांनी नंतर सगळ्या गल्लीला शिवून दिलं.)

चिनू बरी झाली, शाळेत जायला लागली. त्याच आठवड्यात पालकसभा होती आणि माझं भाषण होतं. विषय अर्थातच रोगप्रतिकारशक्ती! सकाळपासून अंग मोडून आलं होतं, पण मी उभा राहिलो. पेशींच्या पहिल्या फळीपर्यंत पोहोचलो आणि पाठीला खाज सुटली. मी बोलता बोलता फळ्याला पाठ घासू लागलो.

पहिल्या रांगेतल्या अंगणवाडीच्या ताईंनी हात वर केला. "सर, मानेवर काय होय?"

"मच्छर चावला."

"आन कानामागं?"

"दुसरा मच्छर!"

"आन नाकावर?"

मी नाक चाचपलं. फोड! पहिली रांग उठली. तिला पाहून दुसरी उठली. माझ्या रोगप्रतिकारशक्तीचं माहीत नाही, पण पालकांची एकदम उत्तम होती. दोन मिनिटांत हॉलमध्ये मी आणि फळा!

ताप असा चढला की संगीता घाबरली. मोठेपणी कांजण्या जास्त त्रास देतात, हे मी शिकवत असे. आता प्रात्यक्षिक सुरू होतं. निरोप मिळताच चामोर्शीहून आई पहिल्या एसटीनं आली.

"आई, मले तं लहानपणी होऊन गेल्या होत्या ना?"

"तुले? तुले कुठी झाल्या? तुया दादाले झाल्या. तुले तं आमी मामाकडं धाडलं होतं."

"मग हा खड्डा?"

"मामाच्या शेळीनं शिंग मारलं नाई का तुले!"

दारात संगीता उभी होती (एकही फोड नसलेली!). ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या पेशी शेळीले ओळखतात."

दहा दिवस मी पडून होतो. चिनू शाळेतून आली की दप्तर टाकून माझे दोन्ही हात घट्ट धरून बसायची. मी हात सोडवायला गेलो की डोळे वटारायची. तापातही मला हसू यायचं, आणि थोडं रडूही.

बरा झाल्यावर मी शहाणपणा केला. गालगुंडाचा धडा घ्यायच्या आधी आईला फोन लावला.

"आई, मले गालगुंड झाले होते का?"

"नाई बापा," आई घाबरून म्हणाली, "आन तू आता ते शिकवाले जाऊ नोको!"

हल्ली आमच्या शाळेत गालगुंडाचा धडा इतिहासाच्या बाई घेतात.