सामाईक विहिरीचा करार

सामाईक विहिरीच्या व्हॉल्व्हचा पान्हा चौदा वर्षं माझ्याकडं होता. विहीर सहा घरांची. चौदा वर्षांत या सहा घरांतल्या प्रत्येकानं एकदा तरी माझ्यावर पाणी चोरल्याचा आळ घेतला. हे मी रागानं सांगत नाही. राग केव्हाच संपला, आता फक्त कंटाळा आहे.

हे काम माझ्याकडं आलं ते माझ्याच कर्मानं. बारामती एमआयडीसीत एका दूध प्रकल्पात मी वीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. शिफ्ट संपवून मोटारसायकलवर इंदापूरच्या बाजूला आमच्या वस्तीवर यायचं, की कुणीतरी वाटेत उभं असायचंच. मोटार जळली, पाईप फुटला, पाळीवरून जुंपली. नोकरी सोडली तेव्हा वाटलं होतं, आता निवांत शेती करू. पण पान्हा हातात असलेल्या माणसाला निवांतपणा कुठला.

सगळ्यात मोठा आळ घेतला तो माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं. वाटणी झाल्यापासून त्याचं रान आणि माझं रान एकाच बांधाच्या दोन अंगांना आहे आणि पाण्याची त्याची पाळी संपली की माझी सुरू होते. एका उन्हाळ्यात त्याला पाणी कमी आलं. विहिरीवर सगळे जमले असताना तो म्हणाला, “पान्हा तुझ्या हातात हाय, मग पाणी बी तुझ्याच रानात जातंय.” त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. मी त्याच्या घरावरून रोज जायचो आणि तो रोज मान फिरवायचा.

म्हणून पुण्याहून एक इंजिनिअर मुलगी आली आणि तिनं पाणी सोडणारी एक पेटी दाखवली, तेव्हा सगळ्यात आधी मीच होकार दिला. आमची वस्ती माळाच्या खाली खोलगटात आहे, फोनला रेंज नाही. तिच्या पेट्यांना रेंज लागत नव्हती. प्रत्येक व्हॉल्व्हवर एक पेटी, तिच्यावर वहीएवढी सोलर प्लेट आणि वीतभर अँटेना. एक पेटी दुसरीला रेडिओनं निरोप देते, दुसरी तिसरीला, असं करत निरोप उंचावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जातो. तिथं थोडी रेंज आहे. तिथून तो ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे इंटरनेटवर कुणा एकाच्या ताब्यात नसलेल्या सामाईक वहीतल्या, करारापर्यंत पोचतो. ज्याची पाळी त्यानं व्हॉल्व्हजवळ उभं राहून फोनवर ‘पाणी घ्या’ दाबायचं. व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, आणि जेवढं पाणी जाईल तेवढे चार-दोन रुपये त्याच्या खात्यातून पंपाच्या देखभालीला वळते होतात. नोंद त्याच वाटेनं परत येते आणि पेटीजवळ किंवा रेंजमध्ये असलं की सहाही जणांच्या फोनमध्ये दिसते.

तिनं विचारलं, अडीनडीला नियम बदलायचा अधिकार कुणाकडं ठेवायचा? मी ताडकन म्हणालो, कुणाकडंच नको. एकदा लिहिलं ते लिहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, दादानंसुद्धा. मग कुणाची पाळी वाया जाऊ नये म्हणून एक कलम घातलं: अर्ध्या तासात बटण दाबलं नाही, तर ती पाळी पुढच्याला जाईल आणि त्याचा व्हॉल्व्ह आपोआप उघडेल. तेही मीच सुचवलं होतं. मला वाटलं, आता पाणी कोण सोडतं ते जगाला दिसेल आणि दादाला कळेल की मी सरळ माणूस आहे. एवढंच मला त्या पेटीकडून हवं होतं.

पान्हा गेला पण काम गेलं नाही. प्लेटवर धूळ बसायची, साळुंक्या अँटेनावर बसून ती वाकवायच्या, बॅटरी उतरायची. फडकं आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी रोज सहा व्हॉल्व्ह आणि टाकी फिरायचो. तरी भांडण नव्हतं. आठ-नऊ महिने बरे गेले.

ऐन चैत्रात दादाच्या छातीत कळ आली. गाडी करून त्याला बारामतीला नेलं. मी बाहेरच्या बाकावर रात्रभर बसलो आणि तो शुद्धीवर आल्याचं ऐकून सकाळी निघून आलो. दोन दिवसांनी त्याची पाळी होती. त्याच्या रानात दोडका होता, मांडवावर नुकता चढलेला, फुलं धरलेला. त्या उन्हात आठवडाभर पाणी चुकलं असतं तर मांडवावर नुसत्या काड्या राहिल्या असत्या. मी त्याच्या व्हॉल्व्हजवळ उभा होतो. अर्धा तास झाला आणि बांधापलीकडं माझा व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आला. माझ्याच कलमानं दादाचं पाणी माझ्या रानात येत होतं.

मी तसाच मोटारसायकलला किक मारून बारामती गाठली. वयनी दवाखान्याच्या जिन्यात बसल्या होत्या. दादाचा फोन त्यांच्या पिशवीतच होता.

“तेवढा फोन द्या वयनी. दोडक्याला पाणी देतो.”

“न्या की भाऊजी. पर उघडायचा नंबर मला ठावं न्हाय. त्या पेटीवाल्या बाईनं सांगितलं हुतं ना, नंबर बायकोला बी सांगायचा न्हाय म्हणून. ह्यांनी तेवढं बरं ऐकलं.”

“मग दादाला इचारा.”

“डाक्टर बोलू देत न्हाईत. पाण्याचा विषय तर आजाबात काढू नका म्हणलेत.”

इंजिनिअर मुलीला फोन लावला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. “काका, करार कुणालाच बदलता येत नाही,” ती म्हणाली. “तुम्हीच तसा मागितला होता.” तिचं काही चुकत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मग मी जुन्या मार्गाला लागलो. गोठ्यात गुंडाळून ठेवलेला लपेटा पाईप काढला. तो तीन ठिकाणी फाटला होता. फाटक्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळली आणि माझ्या व्हॉल्व्हपासून बांधावरून दादाच्या मांडवापर्यंत ओढला. एक दिवसाआड त्याची पाळी यायची. अर्धा तास नुसतं उभं राहायचं, पाळी माझ्यावर पडली की पाईप जोडायचा आणि त्याचं पाणी त्याच्या दोडक्याला द्यायचं. वाट बघण्यात गेलेला अर्धा तास मी माझ्या पाळीतून भरून द्यायचो, कारण तो त्याच्या हक्काचा होता. त्यात माझ्या वांग्याच्या दोन सऱ्या वाळल्या. पंचावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी पाण्यानं भरलेला पाईप ओढायचा, ट्यूब सुटली की चिखलात बसून बांधायची. बायको म्हणाली, “तुमचं अंग काय लोखंडाचं हाय का? आन ज्याच्यासाठी करताय त्यो बोलतो तरी का तुमच्याशी?” मी ट्यूबचा आणखी एक तुकडा शोधायला गोठ्यात गेलो.

नोंद मात्र सहाही फोनमध्ये नियमानं पडत होती. दादाची पाळी, माझा व्हॉल्व्ह. पैसे माझ्या खात्यातून. पाणी बांधावरून पलीकडं गेलं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. पेटीला पाईप दिसत नाही. चहाच्या टपरीवर आमच्यातलाच एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, “भाऊ आजारी पडावा तर असा.” मी चहा अर्धा ठेवून उठलो.

पहिली धरून सहा पाळ्या माझ्या व्हॉल्व्हला गेल्या आणि दादा घरी आला. त्याचं घर टाकीला लागूनच आहे, त्यामुळं फोन उघडल्याबरोबर त्याला सगळ्या नोंदी दिसल्या. मी टाकीवरची प्लेट पुसून उतरत होतो. तो अंगणात बाजेवर बसला होता, गळ्याची हाडं वर आलेली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला हाक मारली.

“दिसतंय हितं समदं. माझ्या साही पाळ्या तुझ्या वॉलला.”

मी सांगू शकलो असतो. त्याला उठवून मांडव दाखवू शकलो असतो. पण मला इतका थकवा आला होता की तोंडातून फक्त “व्हय” एवढंच निघालं. भाऊ दोन वर्षांनी बोलला आणि हे बोलला. घरी येऊन मी भिंतीकडं तोंड करून पडलो. बायकोनं जेवायला वाढलं, तेही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी त्याला थोडं चालायची परवानगी दिली होती. त्याच दिवशी सकाळी अकराची त्याची पाळी होती. मी माझ्या रानात वाळलेली वांगी उपटत होतो. साडेअकराला माझा व्हॉल्व्ह उघडला आणि ठिबकच्या नळीतून पाणी सुटलं. माझं डोकं फिरलं. दादाच्या व्हॉल्व्हची पेटी बंद पडली असणार, आणि पुन्हा माझ्याच नावावर नोंद. फडकं आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी तावातावानं बांधावर चढलो.

दादा बांधावरच बसला होता. मागं मांडवाला हात-हातभर दोडके लोंबत होते आणि वयनी ते पाटीत तोडत होत्या. त्याच्या पायाशी माझा लपेटा पाईप पडला होता. ट्यूब गुंडाळलेल्या जागी तो अंगठा फिरवत होता. फोन गुडघ्यावर होता.

“दादा, निरोप जात न्हाय का? थांब, पेटी बघतो.”

“पेटी बरी हाय.”

“मग बटन का न्हाय दाबलंस?”

तो माझ्या रानाकडं बघत राहिला. “तुझ्या वांग्याच्या दोन सऱ्या वाळल्यात,” तो म्हणाला. “आणि उभा का ऱ्हायलास? बस की हितं.”

मी त्याच्याशेजारी बसलो. गुडघ्यावरचा त्याचा फोन वाजला आणि माझ्या खिशातलाही. नोंद आली होती: दादाची सातवी पाळीही माझ्या व्हॉल्व्हला.